पनघटावरची चौथी बाई

नळ खाकरला.

भर दुपार होती. रात्रपाळी करून आलेला रत्नपाल आतल्या खोलीत पालथा झोपला होता. मीराबाई भिंतीला टेकून डोळे मिटून बसल्या होत्या. प्राची चटईवर पोटावर लोळत हत्तीला निळा रंग देत होती. आणि पंचशीला स्वयंपाकघरातल्या हातभर जागेत, घडी घातलेल्या चादरीवर, पावलांचा आवाज होऊ न देता नाचत होती. त्या शांततेत मोरीतल्या नळानं घसा साफ केला, नुसतीच हवा ओकली, आणि मग धार लागली.

पंचशीलेनं तशीच उडी मारली. इंदूरला नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं आणि ते कुणासाठी थांबत नाही. हंडा, बादली, कळशी, पातेली, सगळी ओळीनं लागली. मघाशी हवेत जो हात डौलानं घडा उचलत होता तोच आता खऱ्या बादलीच्या कडीत अडकून तिला ओढत होता, आणि त्यात डौल काही उरला नव्हता.

"मघापासून बघून राहिले मी," डोळे न उघडताच मीराबाई म्हणाल्या. "कंबर मोडून काय चाललं होतं?"

"पाणी भरत होते, आई."

"पाणी? हंडा कुठंय?"

"नाचात हंडा मनातला असतो."

"मग पाणीबी मनातलंच प्या. बंद कर नळ."

प्राची खुदकन हसली. हत्ती सोडून ती आजीजवळ सरकली. "आजी, तू लहानपणी विहिरीवरून भरायची ना पाणी? करून दाखव ना. मम्मीसारखं."

"मी?" मीराबाईंनी आता डोळे उघडले. पंचशीलेच्या या सासूबाई मूळच्या बुऱ्हाणपूरकडच्या एका खेड्यातल्या. लग्न होऊन महूला आल्या, मग इंदूरला. खेड्याबद्दल त्या कधी फारसं बोलत नसत. आज कसं कोण जाणे, उठून मोरीशी गेल्या आणि उकिडव्या बसल्या. "आम्ही कुठं भरत होतो? आम्हाला भरून द्यायचे. हे बघ, असं. भांडं पुढं सरकवायचं, आपण मागं सरकायचं. मग कोणी बाई आली, अन् तिच्या मनात आलं, तर वरून ओतायची. तहान लागली असली तर ही अशी ओंजळ."

त्यांनी दोन्ही तळवे जोडून ओठांपाशी धरले. मान खाली. नजर बोटांच्या टोकाशी. कोपरं अंगाला अशी चिकटवलेली, जणू जागा भाड्यानं घेतली आहे.

"वर बघ ना आजी, कोण ओततंय?"

"वर नाही बघायचं. पाण्याकडं बघायचं. वर बघितलं की त्यांना वाटायचं, ही तर मागून राहिली. मग थांबवायचे."

"आणि कोणीच नाही आलं तर?"

"तर काय, बसायचं. माशा मोजायच्या."

आणि त्या हसल्या. एखादी लहानपणची खोडी सांगावी तशा. प्राचीनंही लगेच मोरीशी बसून ओंजळ केली. आजी-नात शेजारी शेजारी, दोघींच्या ओंजळी रिकाम्या. बादली भरून वाहायला लागली तरी पंचशीलेचा हात नळाकडे गेला नाही.

*

पनघटाची गत कथकमध्ये कोण नाचत नाही? पाण्याला निघालेल्या गवळणी, घुंघट, डोक्यावरचे घडे, वाटेत आडवा येणारा कृष्ण. पंचशीला ती शाळकरी वयापासून करत आली होती. आता पुढच्या महिन्यात कृष्णपुऱ्यातल्या होळकरांच्या समाध्यांवरच्या दगडी छत्र्यांसमोर, नदीकाठी, तिच्या गुरूंचा, द्वारकाबाईंचा मोठा सत्कार होता, आणि त्या संध्याकाळी पनघट पंचशीलेनं एकटीनं करायचा असं द्वारकाबाईंनीच ठरवलं होतं. इतकी वर्षं ती रामबागेतल्या त्यांच्या क्लासात नव्या मुलींना पाय टाकायला शिकवत होती, मंचावर जाणाऱ्यांच्या वेण्या घालत होती, बाजूला बसून बोल म्हणत, म्हणजे पढंत करत होती. सकाळी एका शाळेत ॲक्टिव्हिटी टीचर म्हणून सिनेमातल्या गाण्यांवर मुलांचे नाच बसवायचे आणि संध्याकाळी रामबाग, असं तिचं आयुष्य चाललं होतं. एकटीचा नाच, तिच्या नावानं, असा पहिल्यांदाच.

नाच हा तिच्या माहेरी साधा विषय नव्हता. तिचे वडील वाल्मिक महूच्या फौजी वर्कशॉपात होते. सकाळी बुद्धवंदना, दारात निळा झेंडा, बोलणं मोजकं. शाळेच्या कार्यक्रमात द्वारकाबाईंनी तिला पाहिलं आणि "ही मुलगी मला द्या" असा निरोप पाठवला, तेव्हा त्यांनी दोन दिवस विचार केला. मग म्हणाले, "आपल्या माणसांना नाचायला लावायचे, पोरी. जत्रेत, लग्नात, पाटलाच्या दारात. ते सोडायला आपल्याला किती पिढ्या लागल्या. आता तू शौक म्हणून करणार?" ती रडली. शेवटी ते हो म्हणाले, पण एका अटीवर. कुणाच्या पायावर डोकं ठेवायचं नाही.

पहिल्याच दिवशी तिनं ठेवलं. क्लासात सगळ्या मुली ठेवत होत्या. तिला वाटलं, हा नाचाचाच भाग असेल.

*

"थांब," द्वारकाबाई म्हणाल्या. "मागे जा. पहिल्या गवळणीपासून पुन्हा."

वेताच्या खुर्चीत, गुडघ्यांवर शाल टाकून त्या बसल्या होत्या. मुली त्यांना ताईजी म्हणत. होळकरांच्या दरबारातल्या एका अंमलदाराच्या घरात त्या सून म्हणून आल्या, आणि त्या काळी सासरच्यांशी भांडून नाचल्या. हे सगळ्या इंदूरला ठाऊक होतं. ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांना त्या स्वतः सांगत.

तबल्यावर बंडूकाका. पंचशीलेनं पुन्हा तीन गवळणी दाखवल्या. पहिली ठसक्यात घडा भरते. दुसरीच्या बांगड्या दोराला अडकतात. तिसरीचा घडा कृष्ण फोडतो. इथवर सगळं नेहमीचं. मग पंचशीला एक गिरकी घेऊन पनघटापासून लांब सरकली आणि उकिडवी बसली. ही चौथी. हिच्या हातात दोर नाही. हिनं भांडं पुढे ढकललं, स्वतः मागे सरकली, आणि वाट बघत राहिली. मग ओंजळ.

पाणी पडतं त्या जागेसाठी तिनं स्वतः बोल बांधले होते. नाचता नाचता तेही तीच म्हणत होती. आधी थेंब, मग धार, मग धार एकदम तुटते. बंडूकाकांचा हात तबल्यावर आपोआप हलका झाला.

नाच संपला. ताईजींनी चष्मा काढून शालीला पुसला.

"कुठून आणलंस हे?"

"सासूबाईंनी दाखवलं. असंच, गंमतीत."

"गंमतीत," ताईजी म्हणाल्या. "बंडू, पाहिलंस?"

"मी तर भिया, वाजवायचं विसरलो होतो," बंडूकाका त्यांच्या इंदुरी हेलात म्हणाले.

"मी पण! अंगावर काटा आला, बघ," दारातून मधुरिमा म्हणाली. ही ताईजींची सून. दिल्लीला कला-व्यवस्थापन शिकून आलेली, गोड बोलणारी, कुणालाही न दुखावणारी. ती लग्नानंतर कथक शिकायला लागली होती आणि मेहनत करायची. "पंचशीला, प्लीज, परत कर ना एकदा. मी रेकॉर्ड करून ठेवते. इतकं पॉवरफुल आहे, डॉक्युमेंट व्हायलाच पाहिजे."

पंचशीलेनं परत केलं. फोन समोर धरून मधुरिमा हळूहळू फिरत होती. शेवटी म्हणाली, "आता कॅमेऱ्यात बघून एक लाइन. रचना कोणाची?"

कथकमध्ये गुरूचं नाव घेताना कानाची पाळी धरतात. आणि शिष्य कधीही "माझी" म्हणत नाही. शिष्यानं काही बांधलं तरी ते गुरूचंच, कारण बांधायची अक्कल गुरूची. हे कुणी शिकवत नाही. शिंक आल्यावर हात तोंडाकडे जातो तसा पंचशीलेचा हात कानाकडे गेला.

"गुरुवर्य ताईजींची," ती म्हणाली.

ताईजींनी मान हलवली. हो अशीही नाही, नाही अशीही नाही. समेवर हलवायच्या तशी.

घरी जाताना शेअरच्या मॅजिक गाडीत पंचशीला खुशीत होती. गुरूचे डोळे ओले करणं म्हणजे काय असतं, हे नाचणाऱ्यालाच कळतं.

*

"माझं सोंग करणार?" मीराबाई म्हणाल्या. "लोकांसमोर?"

"सोंग नाही आई. नाच आहे."

"मी रत्नपालच्या बापालाबी सांगितलं नव्हतं कधी. पोरीनं विचारलं अन् माझी जीभ घसरली. तू लगेच घुंगरू बांधलेस त्याला."

रत्नपाल जेवत होता. सांवेर रोडवरच्या एका प्लास्टिकच्या कारखान्यात तो साच्यांवर काम करायचा. बायकोच्या नाचाला त्यानं कधी आडकाठी केली नाही आणि कधी फार विचारलंही नाही. "टाळ्या कोण वाजवणार, ते सांग मला," तो म्हणाला. "ज्यांच्या आज्या वरून ओतत होत्या, तेच ना? मग तू कशाला दाखवून राहिली त्यांना?"

"त्यांनी बघायलाच पाहिजे म्हणून."

"बघतील. मग बाहेर जाऊन पोहे खातील."

मीराबाई उठून गेल्या. त्यानंतर बरेच दिवस त्या पंचशीलेशी कामापुरतं बोलत. तिनं चादर पसरली की तोंड फिरवून बसत. मग एका सकाळी मेथी निवडता निवडता, जणू मधे काही झालंच नाही अशा आवाजात, त्यांनी विचारलं, "कोण करणार म्हणालीस?"

"मीच."

"दुसरं कोणी नाही?"

"नाही आई."

"तू करशील तर ठीक. आपल्या माणसानं केलं म्हणजे तसं नाही वाटत." एक पिवळं पान त्यांनी बाजूला टाकलं. "कर बरं, बघू."

तिनं केलं. मीराबाई बघत राहिल्या, आणि मग त्यांच्यातली अशी एक बाई बाहेर आली जी या घरानं पाहिली नव्हती.

"कोपर आत. पाणी सांडून कपडा भिजला तर? कपडा एकच असतो. हां. अन् इतकी घाई नको पिऊ. घाई केली की हसतात. पण सावकाशबी नाही, तिचा हात दुखला की ती चालली. तिचा हात ओळखायचा."

"हात कसा ओळखायचा, वर न बघता?"

"धारेवरून." मीराबाईंनी मेथीची जुडी खाली ठेवली. "धार कापायला लागली की समजायचं, कंटाळली."

त्या दुपारपासून रोज दोघी बसत. कधी पंचशीला थकून टेकली की प्राची मध्ये घुसून ओंजळ करायची आणि आजी तिचीही कोपरं आत ढकलायची. ताईजींच्या क्लासात बालवर्गाला असलेली ही पोर घरी मात्र आजीची शागीर्द झाली होती. पंचशीलेला कधी कधी वाटायचं, आपण इतकी वर्षं ज्याला शिकणं म्हणत होतो ते आता सुरू झालंय.

"मला पुढं बसव हां," मीराबाई म्हणाल्या. "मागनं मला दिसत नाही."

*

कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांवर पिवळे दिवे सोडले होते. दगडी शिखरं, कोनाड्यांतल्या मूर्ती, खाली नदीचं काळं पाणी आणि पायऱ्यांवर बांधलेला मंच. खुर्च्या भरत आल्या होत्या. पहिल्या रांगा पाहुण्यांच्या, म्हणून मीराबाई आणि प्राचीला पंचशीलेनं कडेच्या खुर्च्यांवर, पण अगदी मंचाजवळ बसवलं. मीराबाईंनी पांढऱ्या साडीला कडक इस्त्री करून घेतली होती. रत्नपालनं पाळी बदलून घ्यायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही.

मागच्या तंबूत पंचशीला घुंगरू बांधत होती. एका पायाचे बांधून झाले, दुसऱ्याचे सुरू होते, तेव्हा ताईजी आल्या. हातातली काठी बाजूला ठेवून तिच्यासमोरच्या खुर्चीत बसल्या. त्यांनी तिच्या गालाला हात लावला.

"पंचे, ऐक. रागवायचं नाही."

"काय झालं ताईजी?"

"पनघट मधुरिमा करेल. तू पढंतीला बस."

पंचशीलेला आधी कळलंच नाही. दोरीचं टोक तिच्या बोटात तसंच राहिलं.

"आज मी सगळ्यांसमोर सांगणार आहे, बेटा, की माझ्यानंतर क्लास मधुरिमा बघेल. गुडघे गेले माझे. मग आज तिनं काहीतरी मोठं करायला नको का? आणि तिच्या अंगात ताल तेवढा पक्का नाही, तुला माहितेय. तुझी पढंत असली की ती तरून जाईल. तुझ्यासारखे बोल पूर्ण इंदूरमध्ये कोण म्हणतं, सांग?"

"ताईजी, ती चौथी तर..." तिनं दोरीचं टोक बोटाभोवती आवळलं. "ती माझ्या घरची आहे."

"म्हणूनच." ताईजींचा आवाज मऊ होता. त्यांना हे खरंच पटलेलं होतं, तेच वाईट होतं. "तू केलीस की लोक काय बघतील? हिचीच हकीकत आहे, म्हणतील. बिचारी, म्हणतील. मधुरिमानं केली की तो अभिनय होतो. जे आपलं नाही ते आपलं करून दाखवायचं, तीच तर कला आहे. मी शिकवलंय ना तुला हे?"

शिकवलं होतं. आणि इतकी वर्षं पंचशीला राधा झाली होती, यशोदा झाली होती, तेव्हा तिलाही ते खरं वाटलं होतं.

"आणि रचना माझीच आहे, हे तूच म्हणालीस," ताईजी हसून म्हणाल्या. टोमणा नव्हता. त्यांना शिष्येचा अभिमान वाटत होता.

"सासूबाई आल्यात," पंचशीला म्हणाली. 

"अरे वा! त्यांना किती बरं वाटेल. त्यांचं दुःख इतक्या मोठ्या लोकांपर्यंत जाणार. सोड ते घुंगरू, पढंतीला बसताना ते नकोत."

दोरीला नुकतीच गाठ मारलेली होती, ती सुटेना. तिनं नखं लावली, दात लावले. तेवढ्यात मधुरिमा आली. जरीचा अनारकली, कपाळावर झुमर, डोळ्यांत खरोखरची काळजी.

"पंचशीला, सॉरी यार. मी बोलले होते ताईजींना, की तूच कर. आय स्वेअर. पण आता ठरलंच तर... तुझ्या त्या व्हिडिओवरूनच बसवलंय मी. एकदा ओंजळ दाखव ना, बरोबर होऊन राहिलीय का?"

आणि पंचशीलेनं दाखवली. तिला स्वतःचाच राग आला, पण हात पुढे होऊन मधुरिमाची कोपरं आत ढकलत होते. जे चुकलेलं दिसतं ते दुरुस्त केल्यावाचून तिच्या हातांना राहवत नव्हतं.

"वर नका बघू," ती म्हणाली. "नजर पाण्यावर."

"पण लाइट वरून आहे ना. खाली बघितलं तर ऑडियन्सला डोळे दिसणारच नाहीत."

बाहेर निवेदकानं नाव पुकारलं. मधुरिमा घाईनं ताईजींच्या पाया पडली. ताईजींचा हात तसाच पुढे राहिलेला, म्हणून पंचशीलाही वाकली. डोकं टेकल्यावर तिला वडिलांची अट आठवली. आजपर्यंत कधी आठवली नव्हती.

*

"सादर करत आहोत, गुरू द्वारकाबाईंची नवीन रचना..."

पंचशीला बंडूकाकांच्या शेजारी बसली, माईक ओठांशी ओढून घेतला. बंडूकाकांनी तिच्याकडे बघितलं नाही. तबल्याची हातोडी उगाचच इकडून तिकडे ठेवली.

कडेच्या खुर्चीत मीराबाई मान उंच करून मंचाच्या दोन्ही बाजूंना बघत होत्या. सून कुठून येते, हे शोधत होत्या. ती तर आलीच होती. बसली होती. मीराबाईंना ते दिसलं आणि त्यांची नजर तिच्यावर थांबली. मग झुमर घातलेली मधुरिमा मंचावर आली.

पंचशीलेनं टाळी दिली आणि बोल सुरू केले. पहिली गवळण गेली, दुसरी, तिसरी. मधुरिमा छान दिसत होती. जिथे तिचा ताल निसटत होता तिथे पंचशीलेचा आवाज खाली हात धरत होता, आणि कुणाला काही कळत नव्हतं. चौथी आली. उकिडवी बसली. तेही सुंदर. चुण्या गोल पसरल्या, फुलासारख्या. तिनं ओंजळ केली, उंच, तीर्थ घ्यावं तशी, आणि मान वर उचलून डोळे भरून वर बघितलं.

आता पाण्याचे बोल.

पंचशीलेचे ओठ मिटलेलेच राहिले.

ठरवून नव्हतं. बोल घशाशी आले होते आणि तिथेच थांबले. बंडूकाकांचा हात तबल्यावर तरंगत राहिला. पढंत आल्याशिवाय तबला येणार नव्हता, तबला आल्याशिवाय पाणी पडणार नव्हतं, आणि पाणी पडल्याशिवाय मधुरिमाला हलता येणार नव्हतं. ती तशीच, ओंजळ उंच धरून. तिच्या पापण्या फडफडल्या. डोळ्यांत आता अभिनय नव्हता, खरी भीती होती. तिनं डोळ्यांच्या कोपऱ्यातून पंचशीलेकडे बघितलं. दे ना.

सगळं पटांगण थांबलं होतं. वरून ओतायचं की नाही, हे पहिल्यांदाच पंचशीलेच्या घराण्यातल्या कुणाच्या तरी हातात आलं होतं.

तिनं मीराबाईंकडे बघितलं. त्या मधुरिमाकडे बघत होत्या. आणि त्यांची बोटं, पांढऱ्या साडीच्या पदराखाली, नकळत एकमेकांना चिकटली होती.

पंचशीलेनं बोल सोडले. थेंब. मग धार. धार तुटेपर्यंत पूर्ण म्हटले, एक अक्षर न गाळता. तबला सुटला, मधुरिमा प्यायली, आणि छत्र्यांचे दगड दणाणून गेले इतक्या टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतले एक पाहुणे उभेच राहिले. "वो जो पॉज था," ते शेजारच्याला म्हणत होते, "वो पॉज कमाल था."

मग हार झाले, शाली झाल्या. ताईजी माईकवर बोलल्या. आपलं नृत्य म्हणजे पूजा आहे, त्यात सगळ्यांना जागा आहे, ज्यांना पनघटावर जागा नव्हती त्यांनाही आपल्या परंपरेनं आज मंचावर आणलं. डोळे पुसले. मधुरिमाला जवळ घेऊन क्लास तिच्या हवाली केला. "आणि आमची पंचशीला," त्या म्हणाल्या, "हिच्या पढंतीशिवाय आमचं पान हलत नाही." त्यालाही टाळ्या झाल्या. पंचशीलेनं बसल्या जागेवरून हात जोडले.

*

मीराबाई खुर्चीत नव्हत्या. नदीकडच्या कठड्याशी प्राचीचा हात धरून त्या उभ्या होत्या, गर्दीकडे पाठ करून. पंचशीला जवळ गेली. 

"आई, मला शेवटच्या क्षणी सांगितलं."

"हां."

"मी काही..."

"वर बघत होती ती," मीराबाई म्हणाल्या.

"हो."

"वर बघून मिळालं असतं होय पाणी." त्यांनी पदर डोक्यावरून पुढे ओढला. "चल. पोर झोपेला आली."

राजवाड्याकडून मॅजिक मिळाली. मीराबाई ड्रायव्हरच्या शेजारी पुढे जाऊन बसल्या. नेहमी त्या मागे, पंचशीलेच्या बाजूला बसत. मागे समोरच्या सीटवर दोन बायका कार्यक्रमाबद्दलच बोलत होत्या. ती चौथी किती गोड होती, एक म्हणाली. दुसरी म्हणाली, ड्रेस कुठून शिवला असेल. पंचशीलेनं घुंगरांची पिशवी पायाशी ठेवली आणि प्राचीला मांडीवर घेतलं. पोरीचं अंग गरम, मऊ, झोपेनं जड झालेलं. केसांना दुपारी लावलेल्या तेलाचा वास येत होता. तिनं आपली हनुवटी त्या केसांवर टेकवली. एवढं तरी आपलं आहे, कुणी मागायला येणार नाही, असं तिला वाटलं, आणि इतका वेळ कोरडे राहिलेले डोळे भरून आले.

गाडी खड्ड्यातून गेली. प्राचीनं मान वर करून तिच्याकडे बघितलं.

"मम्मी."

"झोप ना बेटा."

"मधुरिमादीदी नाचली, आणि तू बाजूला बसून बोलली." ती जांभई देत थांबली, पण प्रश्न सोडला नाही. "मी मोठी झाले की मी कोणती होणार? नाचणारी, की बोलणारी?"